चांगुणाबाईंचा दोर

बेबीनंदाचे लग्न दोनदा पुढे ढकलावे लागले, ते साल बहात्तरचे. त्या साली माझे तोंड शेवटचे उघडले. म्हणून मी सगळा हिशेब त्या लग्नापासून धरतो.

मित्रांनो, मी एक जुने पेव आहे. जालन्याच्या जुन्या वस्तीत, कुंडलिका नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, बद्रीनाथरावांच्या घराच्या परसात मी जमिनीखाली आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी पेव पाहिलेले नसेल. पाहण्यासारखे वर काही नसतेच. एक दगडी शिळा असते, तिच्यावर माती सारवलेली असते आणि त्या मातीवर एखादी कोंबडी पाय उकरत असते. खाली मात्र मी रांजणासारखा आहे. गळा अरुंद, पोट मोठे. माझ्या पोटात गाड्याच्या गाड्या ज्वारी मावत असे.

मी एकटाच आहे असेही नाही. या गल्लीखाली अशी आम्ही बरीच आहोत. निजामाच्या राज्यात लेव्हीचे, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचे, धान्य मोजून न्यायला माणसे येत, तेव्हा लोकांनी एका पेवातून दुसऱ्यात जाणारी बुटकी भुयारे खणली. इकडे मोजणी सुरू झाली की पोती तिकडे सरकवायची. माणूस सरपटत जाईल एवढीच ती वाट. माझ्या पोटातून शेजारच्या पेवात, तिथून पुढच्यात, असे करत ती नदीच्या काठापर्यंत जाते. तुम्ही वरून शाळेत जाता तेव्हा आमच्या डोक्यावरून चालत असता. तुमच्या चपलांचा आवाज आम्हाला सगळ्यांना येतो.

मला रखमाजीने खणले. हा माणूस गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा. त्याने पांढरी माती आणि मुरूम खोदून मला पोट दिले. आत काट्याकुट्याचा जाळ करून मला भाजले, शेणमातीने लिंपले, भोवती कडबा उभा केला. मग माझ्यात ज्वारी ओतली आणि शिळा बसवली. धान्य ही जिवंत वस्तू आहे, मित्रांनो. ते अंधारात हळूहळू श्वास घेते, कोमट होते. आतली चांगली हवा तेच पिऊन टाकते. म्हणून पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते. उतरला तो परत येत नाही.

रखमाजीने हे सगळे शिकून घेतले होते. शिळा काढून मला दिवसभर उघडे ठेवायचे. घोंगडी दोरीला बांधून खालीवर हलवायची, म्हणजे हवा बदलते. मग जळता कंदील सोडायचा. ज्योत माना टाकू लागली तर थांबायचे, ताठ राहिली तर माणसाने उतरायचे. बांबूची अरुंद शिडी असेच, पण काखेतून एक दोर बांधलेला असे आणि तो दोर वर धरलेला असे. त्याचे दोन नियम होते. एक, दोर घरच्याच माणसाच्या हातात. दुसरा, खाली गेलेल्याने बोलत राहायचे. आवाज तुटला की वरच्याने ओढायचे, विचार करत बसायचे नाही.

रखमाजीचा दोर त्याची बायको साळूबाई धरी. रखमाजी म्हातारा झाला तेव्हा त्यांचा मुलगा तातेराव उतरू लागला. त्याचाही दोर काही वर्षे आईनेच धरला. मग तातेरावचे लग्न झाले. टेंभुर्णीकडची मुलगी केली, तिचे नाव चांगुणा. हळद अजून हाताला होती, तेव्हा साळूबाई तिला माझ्या तोंडापाशी घेऊन आली आणि दोराचे टोक तिच्या हातात दिले.

"ह्याला जल्मभर मी धरलं. आता तू धर," साळूबाई म्हणाली. "सोडलास तर मला तोंड दाखवू नको."

त्या दिवशी तातेराव खाली उतरला आणि त्याच्यापुढे मोठीच अडचण उभी राहिली. आईशी बोलायला त्याला काही वाटत नसे. पण या नव्या मुलीशी त्याचे अजून एक अक्षर बोलणे झाले नव्हते. आणि बोलत राहणे तर भाग होते. तो टोपल्या भरत भरत मोजू लागला. एक टोपली, दोन टोपल्या. बऱ्याच वेळाने त्यालाच त्याचा कंटाळा आला असावा. तो म्हणाला, "तुमच्या टेंभुर्णीची बोरं लई गोड असतात म्हणं."

वरून हळू आवाज आला, "आंबट असतात."

"सगळीच?"

"आमच्या बांधावरली तर आंबटच है."

मित्रांनो, त्या दोघांचे पहिले बोलणे माझ्या गळ्यातून झाले. मला त्याचा फार अभिमान आहे.

पुढे मला कळले की तातेराव हा मुळात न बोलणारा माणूस. घरी तो भाकर मागे आणि जातो म्हणे, बस. त्याची बायको वाट पाहून पाहून झोपी जाई. पण पेवात त्याला बोलावेच लागे. उजेड नाही, समोर कोणाचा चेहरा नाही, वरती फक्त एक गोल आभाळ आणि त्यात चांगुणाबाईंचे डोके. तिथे त्याची जीभ सुटे. सासूबाईंचे गुडघे, बकरीची खोडी, कोणाच्या मळ्यात काय पाहिले, सगळे तो सांगे. बेबीनंदा जन्मली तेव्हा तिचे नाव काय ठेवायचे यावर त्यांचे भांडण माझ्यातच झाले.

"बेबी हे काय नाव झालं? ते तर हर लेकराला म्हणतेत," तातेराव खालून म्हणाला.

"दवाखान्यातल्या नर्सबाईनं ठेवलंय. मला आवडलं."

"मंग नंदा ठेव."

"दोन्ही ठेवते. तुम्हाला काय खर्चा है का?"

असे ते दिवस होते. माझ्या पोटातली ज्वारी कमी होत जाई आणि त्यांचे बोलणे वाढत जाई. मला वाटे, ज्वारी संपूच नये. वर चांगुणाबाईंनाही तसेच वाटत असावे, कारण शेवटच्या टोपल्या त्या फार सावकाश रिकाम्या करत.

आता एक गोष्ट सांगायला मला जड जाते, पण सांगतो. पेवातली मधली ज्वारी मोत्यासारखी निघे. कडेची, भिंतीला लागलेली, ओल धरून काळी पडे, तिला आंबूस वास येई. मधली मालकाच्या घरात जाई आणि जो जीव धोक्यात घालून खाली उतरला त्याला ती कडेची काळी ज्वारी मिळे. तसा रिवाजच होता. साळूबाई आणि चांगुणाबाई ती धुऊन धुऊन वाळवत. तरी भाकर कडू होई. त्या भाकरीला माझा वास येई.

छप्पन्न साली दसऱ्यानंतर काही दिवसांनी तातेराव आला तो पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला होता. तो माझ्या शिळेजवळ उभा राहिला. बद्रीनाथराव तेव्हा चाळिशीतले, दणकट गृहस्थ होते.

"मालक, आजपून पेवात मी उतरणार न्हाई," तातेराव म्हणाला.

"मंग कोण उतरल?"

"तुमचं पेव है. तुम्ही बघा."

"अरे, तुझ्या बापानं खणलंय हे."

"म्हणून तर सांगाया आलो. न्हाईतर नुसता यायचा बंद झालो असतो."

तातेराव निघाला. त्याने योग्य तेच केले, मित्रांनो. कडेची ज्वारी कोणी जन्मभर का खावी? मला वाईट वाटले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. त्याची पावले माझ्यावरून गेली, शेजारच्या पेवावरून गेली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

त्यानंतर गावात वखारी झाल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या. पेवांचे काम संपत चालले. शेजारचे पेव ज्यांचे होते ते घर सोडून गेले आणि त्याच्यात काय काय कुजू लागले. तातेरावने जाण्यापूर्वीच भुयाराच्या तोंडाशी दगड रचून ती वाट बंद केली होती, म्हणून ती घाण माझ्यापर्यंत येत नव्हती. माझ्यात कधी धान्य असे, कधी नसे. काढायला मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल येत. ते काम उरकत आणि जात. ते एकमेकांना शिव्या देत, म्हणजे आवाज चालू असे. पण ते ऐकण्यासारखे नव्हते.

चांगुणाबाई मात्र अधूनमधून परसात येत. दुर्गाबाईंच्या, म्हणजे बद्रीनाथरावांच्या पत्नीच्या मळ्यात त्या निंदणीला जात. काम झाले की दोघी परसदारी बसत. माझी शिळा बसायला सोयीची होती.

"दिवसभर एक शब्द न्हाई बोलत माणूस," एकदा चांगुणाबाई म्हणाल्या. "बेबीला हाका मारतो, बकरीची चौकशी करतो. मला म्हणतो, भाकर दे."

"आमचे सारखे बोलून राह्यलेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "थोडं घेऊन जा तिकडं."

दोघी हसल्या. मग चांगुणाबाई शिळेवर हात फिरवत म्हणाल्या, "पेवाचे दिवस बरे व्हते, असं म्हणायची बी सोय न्हाई. सुटलो ते चांगलंच झालं. बिलकुल चांगलं झालं. पण दुर्गाबाई, तवा मला नवरा व्हता."

मी वर्षानुवर्षे तेच वाक्य घोळवत राहिलो. मलाही तसे म्हणायची सोय नव्हती.

एकोणसत्तर साली पीक चांगले आले. वखारीत जागा उरली नाही म्हणून बद्रीनाथरावांनी मला शेवटचे भरले आणि शिळा बसवली. पुढची वर्षे पावसाने ओढ दिली आणि बहात्तर साली तर त्याने पाठच फिरवली. मला ते खालीच समजले. माझ्या भोवतीची माती आवळून चिरा पडू लागल्या. विहिरीचा जो गारवा मला लांबून लागत असे, तो गेला. वरच्या बोलण्यातून बाकीचे कळले. लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तातेराव आणि चांगुणाबाई बदनापूरच्या रस्त्यावर होते. खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली हलकी लाल ज्वारी, आणि मुलांना सुकडीची भुकटी मिळे. बेबीनंदाचे लग्न वैशाखात ठरले होते, ते पाण्यावाचून राहिले. पुन्हा दिवाळीनंतर ठरले, ते दाण्यावाचून राहिले. बदनापूरचे पाहुणे चांगले होते, थांबायला तयार होते. पण किती थांबणार, ही काळजी होतीच.

बद्रीनाथरावांच्या घरातही मिलोच शिजू लागला, तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "पेव उघडा."

शिळा निघाली. किती दिवसांनी मी आभाळ पाहिले. कारभारी नावाचा हमाल आला. त्याने माझ्या तोंडाशी नाक आणले आणि मागे सरला. "हे आपलं काम न्हाई," म्हणाला. मग बद्रीनाथरावांचे चिरंजीव काकासाहेब पुढे झाले. तरुण होते, उत्साही होते. त्यांनी दोरीला बॅटरी बांधून खाली सोडली. माझ्या पोटात लख्ख उजेड पडला.

"बघा, उजेड बराबर है. म्हणजे हवा चांगली है. मी उतरतो," काकासाहेब म्हणाले.

"बॅटरी विझत न्हाई रे बाबा, माणूस विझतो," दुर्गाबाई म्हणाल्या. "कंदील सोड."

कंदील सोडला. माझ्या गळ्याशीच तो विझला. काकासाहेब बाजूला झाले. दुर्गाबाईंनी त्याच संध्याकाळी चांगुणाबाईंकडे निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी तातेराव आला. या वेळी तो परसदाराने आला नाही. पुढच्या दाराने, घरातून चालत आला. ते मला पावलांवरून कळले. केस पिकले असावेत, कारण आवाज थोडा बसला होता. माझ्या तोंडाशी वाकून त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "बद्रीनाथराव, मी उतरंल. पण माझं ऐकावं लागंल."

मालक हा शब्द त्याने वापरला नाही. बद्रीनाथरावांनीही ते ऐकले असणार. ते म्हणाले, "बोल."

"कडेची ज्वारी कोणाला द्यायची न्हाई. गुरालाबी न्हाई. खड्ड्यात टाकायची. मधली निम्मी तुमच्या घरात, निम्मी आमच्या वस्तीत. चांगुणा मापून देईल."

"निम्मी?"

"जास्त वाटत असंल तर काकासाहेबांना बॅटरी देऊन उतरवा."

काकासाहेबच आधी हसले. मग दुर्गाबाई म्हणाल्या, "निम्मी. मी सांगते ना." आणि ते ठरले.

मला दुसऱ्या दुपारपर्यंत उघडे ठेवले. घोंगडी हलवून हलवून कारभारीचे हात भरून आले. मग कंदील खाली आला आणि ताठ जळत राहिला. तातेरावने काखेतून दोर बांधला. टोक चांगुणाबाईंनी हातात घेतले आणि कमरेलाही एक वेढा दिला. टोपल्या ओढायला दुसऱ्या दोरीवर कारभारी होता.

"आवाज द्या," चांगुणाबाई म्हणाल्या.

"थांब, पाय टेकू दे."

"टेकले?"

"टेकले. ज्वारी कोमट है. पेव जित्तं है अजून."

मित्रांनो, सोळा वर्षांनी माझी कोणी विचारपूस केली.

"बोला मंग," वरून आवाज आला.

"काय बोलू?"

"सोळा वरसांचं साचलं असंल की काही."

टोपली भरल्याचा आवाज झाला. ती वर गेली. तातेराव म्हणाला, "खडीवर तुझ्या हाताला फोड आल्ता. मी बघितला व्हता."

"मंग इचारलं न्हाई ते?"

"मुकादम उभा व्हता ना."

"मुकादम काय माझा सासरा व्हता?"

वर दुर्गाबाई हसल्याचे ऐकू आले. तातेरावही हसला असावा. माझ्या पोटात तो आवाज गोल फिरला. मग तो बोलतच सुटला. बेबी गेल्यावर घर खाली होईल म्हणाला. मंग काय, असे चांगुणाबाईंनी विचारले. "मंग तू न मी. अन् बकरी." त्यावर त्या म्हणाल्या, "बकरीला तर तुम्ही बोलताच." टोपल्या वर जात होत्या, रिकाम्या होऊन खाली येत होत्या.

"लग्नात तू हिरवं लुगडं नेसली व्हतीस," तो म्हणाला. "त्याचा काठ एका जागी रफू केलेला व्हता."

"तुम्हाला दिसला व्हता?"

"दिसला. कोणाचं व्हतं?"

"मावशीचं. उसनं आणल्तं. आईनं शपथ घातली व्हती कोणाला सांगू नको म्हणून."

"मला वाटलंच. मी बी कोणाला बोललो न्हाई."

"मला तरी बोलायचं."

"आत्ता बोललो की."

मधली ज्वारी संपत आली. भिंतीच्या कडेने काळा थर तेवढा उभा राहिला, भुयाराच्या बंद तोंडावर टेकलेला. तातेरावने शेवटची टोपली भरली आणि हाक दिली, "झालं. मधली सरली. दोर आवळ, येतो वर."

दोर आवळला गेला नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, "एक इचारू?"

"वर आल्यावर इचार."

"वर आल्यावर तुम्ही बोलत न्हाई."

तातेराव शिडीला हात लावून उभा होता. त्याने हात काढला. "इचार," तो म्हणाला.

"घरी का बोलत न्हाई माझ्याशी?"

मलाही ते ऐकायचे होते. इतकी वर्षे मी तेच ऐकण्यासाठी जागा होतो. तातेराव म्हणाला, "त्याचं असं है..." आणि तेवढ्यात काळ्या ज्वारीचा थर कोसळला. मधला आधार गेला होता, तो किती वेळ उभा राहणार? त्याच्याबरोबर भुयाराच्या तोंडाचे दगड घसरले आणि शेजारच्या पेवातली कुजकी हवा माझ्या पोटात आली. कंदील विझला. तातेराव गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. आवाज तुटला.

दुसऱ्या कोणाच्या हातात दोर असता तर त्याने लगेच ओढला असता. पण चांगुणाबाई थांबल्या. त्यांना वाटले, विचार करत आहेत. या माणसाच्या तोंडून शब्द निघायला वेळ लागतो, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? त्या आयुष्यभर अशाच थांबल्या होत्या. माझ्या तोंडात त्यांचे डोके दिसत होते, उत्तराची वाट पाहणारे. मी खालून ओरडू शकत नव्हतो. मला तोंड आहे, पण आवाज दुसऱ्यांचा आहे.

"चांगुणा," दुर्गाबाई म्हणाल्या, "आवाज तुटला."

"बोलतील," चांगुणाबाई म्हणाल्या.

"चांगुणा, आवाज तुटला. वढ."

मग त्यांनी ओढले. कसे ओढले ते मला त्या दोराच्या घासण्यावरून कळले. एकटीच्याने तो हलेना. दुर्गाबाईंनी मागून दोर धरला. काकासाहेबांनी आणि कारभारीने धरला. आणि सर्वांच्या मागे बद्रीनाथरावांनी धरला. दोर घरच्याच माणसाच्या हातात असावा असा नियम होता, तो त्या दिवशी कोणी पाहिला नाही. किंवा मित्रांनो, पाळलाच गेला असेही म्हणता येईल. तातेरावचा खांदा माझ्या गळ्यात अडकला. तिथले लिंपण उखडले आणि शिळा ज्यावर टेकते तो काठ फुटला. तो गेला, वर गेला.

मला आता फक्त ऐकू येत होते. चांगुणाबाई एकच शब्द बोलत होत्या, "अवं. अवं." दुर्गाबाईंची पावले घरात धावली. त्यांच्या माजघरातल्या रांजणात तांब्या बुडाला. ज्या रांजणाच्या आसपास तातेरावच्या बापाला कधी फिरकू दिले नव्हते, तोच तो रांजण. पाणी तोंडावर पडल्याचा आवाज आला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

मग खोकला ऐकू आला. आणि बसलेल्या घशातून शब्द आले, "त्याचं असं है..."

कोणीतरी हसले, कोणीतरी रडले. चांगुणाबाई म्हणाल्या, "आता गप बसा."

"तूच तर इचारलंस."

"घरी सांगा. चला, घरी चला."

दिवस मावळायच्या आत ते निघाले. पुढच्या दाराने गेले. गल्लीत आले तेव्हा माझ्या बाजूने चालत होते आणि तातेराव बोलत होता. पायावर उभा राहून, उजेडात, चालता चालता बोलत होता. भुयाराचे दगड पडल्यामुळे ती वाट मोकळी झाली होती. म्हणून त्याचा आवाज मला शेजारच्या पेवातून आला, मग त्याच्या पलीकडच्या, मग त्याच्याही पलीकडच्या. शब्द कळत नव्हते. आवाज तेवढा एका अंधारातून दुसऱ्या अंधारात येत होता. नदीपाशी तो बारीक झाला आणि मग पाण्यावाचून कोरड्या पडलेल्या पात्रात कुठेतरी विरला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. ते माझ्यासाठी नव्हते.

ज्वारी ठरल्याप्रमाणे वाटली गेली. चांगुणाबाईंनी मापली. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि बेबीनंदा बदनापूरला सासरी गेली. आता ती तिकडे शाळेत शिकवते असे ऐकतो.

मला पुन्हा कोणी भरले नाही. काठ फुटला होता, शिळा नीट बसत नव्हती, एका कोपऱ्याला फट राहिली. त्या फटीतून आधी पालापाचोळा आला, मग फुटक्या काचा, मग औषधाच्या बाटल्या. गल्लीत सिमेंट झाले. त्या वेळी पलीकडची दोन पेवे खडी टाकून बुजवली. त्यांच्याकडून आता काहीच येत नाही. माझे आभाळ फटीएवढे उरले आहे. दुपारी तेवढा एक कवडसा पडतो आणि सरकत जातो.

मित्रांनो, तुमच्या घराखाली, परसात, गल्लीत असे एखादे पेव असेल तर त्यात कचरा टाकू नका. त्याने तुमच्या आजोबा-पणजोबांना पोसले आहे. आत उतरायचेच असेल तर आधी त्याला मोकळा श्वास घेऊ द्या आणि जळता कंदील सोडा. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्यासाठी कोणी अंधारात उतरले असेल तर वर बसून त्याचा आवाज ऐकत राहा. त्याला कडेचे देऊ नका, मधले द्या. आणि जे बोलायचे असेल त्यासाठी अंधाराची वाट पाहू नका.

गेल्या उन्हाळ्यात चांगुणाबाई आल्या होत्या. दुर्गाबाईंनी त्यांना परसापर्यंत हाताला धरून आणले आणि स्वतः आत गेल्या. चांगुणाबाई शिळेवर बसल्या. खूप वेळ बसल्या. मग वाकून त्यांनी फटीला तोंड लावले आणि पूर्वीसारखे म्हणाल्या, "आवाज द्या."

माझ्या पोटात तो शब्द गोल फिरला. मी त्यांचाच आवाज त्यांना परत दिला. माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

त्यांनी तो ऐकला. "बरं," त्या म्हणाल्या, "मंग मीच बोलते." आणि त्या बोलू लागल्या. बकरी विकली ते सांगितले, बेबीला मुलगा झाला ते सांगितले, बोरीला यंदा बोरे किती आली ते सांगितले. ती आंबटच निघाली, असेही सांगितले. मी एकेक शब्द झेलून वर पाठवत राहिलो.

तातेराव रखमाजी अठ्ठ्याहत्तर सालच्या माघ महिन्यात, सकाळी, आपल्या घरी वारले.